कपाशीतला समुद्र

चिखलीच्या बसस्टँडवर शाइस्ता अमडापूरच्या गाडीची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावर नागपूरच्या कोर्टातून परतलेला देवानंद थोरल्या बहिणीला निकाल सांगत होता.

"ताई, जितलो! आपल्या वावरातून जाणारा रस्ता कोर्टानं थांबवला."

"काऊन?"

"पर्यावरणाचा अहवालच रद्द केला. त्यात लिहेल होतं, रस्त्याच्या जागेवर समुद्री कासवं अंडी घालतात."

"आपल्या कपाशीत?"

"हाव! अहवालवाल्या साहेबानं कोकणातला कागद जसाच्या तसा उतरवला. जज म्हणे, बुलडाण्यात समुद्र कुठे आहे?"

"मंग साहेब काय बोलला?"

"म्हणे, सध्या ओहोटी लागली असंन."

शाइस्तानं ओढणी तोंडात कोंबली. अमडापूरची गाडी लागली, कंडक्टर दोनदा ओरडला, तरी ती जागची हलली नाही.

"मंग आता काय, देवा?"

"आता नव्यानं पाहणी. सोमवारी साहेबलोक प्राणी मोजाले आपल्याच वावरात येऊन राह्यले."

"येऊ दे. बीटी कपाशीले बोंडअळी लागत नाही म्हणे, पण रोह्याइचा, नीलगाईंचा कळप रोज रातच्याले चरून जाते. मोजून झाले की साहेबाइलेच राखणीले बसवजो."