जल्लादाच्या हातची होळी

पाद्री टिलनी भरदुपारी लंडनच्या बाजारचौकात मुद्दाम आले होते. धर्माच्या नावानं सांगितलेली प्रत्येक गोष्ट आधी बुद्धीला विचारून घ्या, असं म्हणणारं एक पुस्तक जल्लादाच्या हातून जाळायचा हुकूम झाला होता. गठ्ठा पेटला तेव्हा त्यांनी टाळ्याही वाजवल्या. तेवढ्यात पाठीमागे दोन बायका कुजबुजू लागल्या.

"टॅबिथा, तुझ्या नवऱ्यानं छापलेलं जळतंय आणि तू हसतेस काय गं?"

"हळू बोल. वरचं पान तेवढं त्या पुस्तकाचं आहे."

"आणि आत?"

"टिलनी पाद्र्याची प्रवचनं. सहा वर्षं माळ्यावर पडून होती. उंदरांनीसुद्धा तोंड लावलं नाही."

"अगं बाई. मग खरी पुस्तकं?"

"माझ्या पिठाच्या पिंपात. जाळायचा हुकूम निघाला आणि कालपर्यंत न फिरकणारी गिऱ्हाइकं मागच्या दारी उभी राहिली."

"कुणाला कळलं तर नवऱ्याला चौकातल्या लाकडी खोड्यात अडकवतील."

"कळायला कुणीतरी ती प्रवचनं वाचलेली हवीत ना."

वाऱ्यानं एक अर्धवट जळलेलं पान उडालं आणि पाद्र्यांच्या बुटापाशी येऊन पडलं. त्यांनी ते उचलून वाचलं. चौकातला शिपाई पुढे आला.

"काय लिहिलंय, पाद्रीबाबा?"

मागची कुजबुज एकदम थांबली.

"पाखंड आहे, दुसरं काय," पाद्री म्हणाले, आणि ते पान त्यांनी स्वतःच्या हातानं आगीत टाकलं.