बिनहुकमाचा डाव

राजाबाई : ते समदं खरं, पण ह्यात हुकूम कुठला?

प्रिया : पोकरमधी हुकूम नसतो, मावशी.

राजाबाई : बिनहुकमाचा? मग खेळायचं कशाच्या जिवावर?

प्रिया : समोरच्याच्या तोंडाकडं बघून.

राजाबाई : तोंडाकडं बघून पंचेचाळीस वर्सं संसार केला, काय कळलं न्हाई. आता पत्त्यात काय कळनार!

प्रिया : आधी पानं तर बघा. प्रत्येकाला दोन पानं, ती लपवून बघायची. मधी पाच पानं उघडी पडतात, ती सगळ्यांची. तुमची दोन आनि मधली पाच, या सातांतनं चांगली पाच निवडायची. ज्याची भारी त्याचा डाव.

राजाबाई : म्हंजे गल्लीतल्या नळासारखं. नळ समद्यांचा, हंडा ज्याचा त्याचा.

प्रिया : हां, बरोब्बर! महाप्याला पत्त्यांच्या ॲपच्या कंपनीत तीन वर्षं काढली मी, एकाही साहेबाला असं सांगता नाय आलं. आता भारी-हलकं पाठ करा. सगळ्यात खाली जोडी. तिच्यावर दोन जोड्या. मग तीन सारखी. मग ओळीनं पाच. मग एका रंगाची पाच. मग तीन सारखी आनि जोडी. मग चार सारखी. सगळ्यात वर, एकाच रंगाची ओळीनं पाच. लिहून देऊ?

राजाबाई : लिवून नको, चष्म्याची काडी तुटलीय. जोडपं. दोन जोडपी. तिघी जावा. रांग. एका रंगाच्या साड्या. मग तिघी जावा आणि घरात एक जोडपं. मग चौघी जावा. आणि शेवटी?

प्रिया : एकाच रंगाची रांग.

राजाबाई : म्हंजे लग्नातल्या करवल्या. झालं पाठ. वाट पानं.

प्रिया : थांबा, हे वाल घ्या. तीस तुमाला, तीस मला. हे लावायचे.

राजाबाई : ह्ये पावटं व्हय? आणि पैशानं?

प्रिया : पैशानं नाय शिकायचं. कंपनीत मी फोनवर बसायचे ना, हरलेली मानसं फोन करून रडायची. गडी मानसं, मावशी, ओक्साबोक्शी. म्हनायची, ताई, तुमचं पत्ते वाटनारं मशीन चोर हाय. मशीन कसला चोर? ते बापडं वाटत व्हतं. यांनाच उठता येत नव्हतं. म्हनून सांगते, शिकायचं तर वालावर. ज्याला वालावर मजा येत नाय, त्याला पत्ते आवडत नायत, दुसरंच काय तरी आवडतं.

राजाबाई : बरं. हे लावले दोन. ही मधली तीन उघड. आता आणि दोन लावते.

प्रिया : अजून? बरं. चौथं पान. पाचवं. दाखवा. मावशी! दुरी आनि सत्ती? यावर तुमी चार वाल लावले?

राजाबाई : मग काय करू? आलीत ती पानं.

प्रिया : टाकून द्यायची.

राजाबाई : आल्या आल्या?

प्रिया : आल्या आल्या. नवीन मानूस सगळ्यात मोठी चूक हीच करतो, प्रत्येक डाव खेळत बसतो. दहातले सात डाव टाकायचे.

राजाबाई : म्हंजे जायचं खेळायला आणि खेळायचं न्हाई.

प्रिया : खेळत नसलो तेवा बघायचं. कोन कधी हसतो, कोन कधी पान्याचा घोट घेतो, कोनाचा हात वाल लावताना थांबतो.

राजाबाई : हळदीकुंकवाला आम्ही दुसरं काय करतो? ह्ये मला येतंय. वाट.

प्रिया : घ्या.

राजाबाई : आगं बया!

प्रिया : ओरडू नका!

राजाबाई : आगं, दोन एक्के आलेत!

प्रिया : सांगू पन नका! मावशी, चांगली पानं आली तरी तोंड हलवायचं नाय. वाईट आली तरी नाय.

राजाबाई : आनंद झाला तरी मेल्यागत बसू?

प्रिया : हां. अगदी तसंच.

राजाबाई : ...आमचं मालक बसायचं तसं. जेवताना. मीठ जास्त का कमी, काय बोलायचं न्हाईत. म्या एकदा आमटीत मीठच घातलं न्हाई, मुद्दाम. म्हटलं, आता तरी बोलतील. दोन वाट्या प्याले आणि हात धुवून उठले.

प्रिया : मावशी, एक विचारू? काका जाऊन दोन महिने पन झाले नायत. मधीच हे पत्त्यांचं काय काढलंत? लोक काय बोलतील?

राजाबाई : लोक माझं खोलीभाडं भरत्यात का?

प्रिया : नाय. ते तुमी आमाला भरता.

राजाबाई : मग तुला चालतंय ना?

प्रिया : मला चालतंय. सासूबाईंना सांगू नका फक्त.

राजाबाई : मग ऐक. परवा बंडूभावजी आलेला. मालकांचा मार्केटातला जोडीदार. दोघांनी तीस वर्सं कांद्याची पोती वाहिली आणि रिटायर झाल्यापासनं तळ्यामागच्या शेडमधी ह्येच पोकरचे पत्ते कुटले. मला वाटलं, माझी विचारपूस करायला आला. तर म्हणतो, वहिनी, हौसाच्या पॅन्टीच्या खिशात पत्त्यांचा जोड हाय, तेवढा द्या.

प्रिया : अरे देवा.

राजाबाई : पुढं ऐक. म्या म्हटलं, एवढा काय जीव अडकलाय पत्त्यात? तर डोळं पुसत म्हणतो, पत्त्यात न्हाई वो वहिनी, आता शेडमधी बोलनारं कोन न्हाई. हौसा असला की दुसऱ्याला तोंड उघडू द्यायचा न्हाई. पोट धरून हसवायचा.

प्रिया : काका? हौसेरावकाका? आमी चार वर्षं एका जिन्यात राहतो, मला ते फक्त 'हं' बोलले.

राजाबाई : तुला 'हं' तरी बोलले! माझ्या तोंडचं पानी पळालं बघ. म्हटलं, भावजी, तुमी कुठल्या हौसेरावाबद्दल बोलताय? तर म्हणतो, आपल्याच. आणि पुढं सांगतो, सोमवारपासनं शेडमधल्या हौसाच्या खुर्चीवर बँकेतनं रिटायर झालेलं कोन साहेब बसनार हायत. चहाचा कप उचलून ठेवावा तसं सांगितलं.

प्रिया : मग तुमी काय बोललात?

राजाबाई : म्हटलं, पत्ते सापडंनात, सापडले की आणून देते. खिशातच होते.

प्रिया : मावशी, ह्याला पोकरमधी ब्लफ म्हनतात. थाप. मी अजून शिकवलीच नाय ती.

राजाबाई : आगं, ह्या वयात न शिकवता येती. तर म्हटलं, नुसतं जाऊन विचारलं तर गडी मानसं काय सांगनार न्हाईत. 'काय न्हाई वो, इकडचं तिकडचं' म्हणतील आणि चहा पाजून वाटंला लावतील. डावात बसलं की मानूस सैल होतो. बरोबर ना?

प्रिया : बरोबर. पन मावशी, काका तिथं काय वाईट बोलत असले तर? तुमच्याबद्दल?

राजाबाई : वाईट तर वाईट. बोलले तरी म्हणायचे! वाट पानं. शुक्रवारपत्तूर शिकीव.

(शुक्रवार, दुपारचे चार. तळ्यामागची पत्र्याची शेड. बंडू आणि डावातले तिसरे गडी, इथल्याच घणसोली गावचे शिवानाना बसलेले आहेत. शिवानानांनी सकाळीच दाढ काढून घेतली आहे. तोंडात कापसाचा बोळा, त्यामुळे ते काही बोलणार नाहीत.)

बंडू : आवं वहिनी! निरोप धाडायचा, म्या आलो असतो पत्ते न्यायला. उन्हाचं कशापायी?

राजाबाई : पत्ते एकटे येत न्हाईत, म्हणून म्या आले. ह्यांची खुर्ची कुठली?

बंडू : ती... ती निळी. पर ती आता साहेबांना—

राजाबाई : साहेब सोमवारी. आज शुक्रवार हाय. प्रिया, तू तिकडं बस आणि पानं वाट.

बंडू : वहिनी, राग मानू नका, हितं गडी मानसांचं काम हाय. आमी शिव्या देतो.

राजाबाई : द्या की. कमी पडल्या तर मला विचारा.

बंडू : शिवानाना, तुमी तरी सांगा कायतरी! तोंडात कापूस आजच घालायचा होता? बरं वहिनी, एक डाव. हौशीखातर. ही घ्या बाटलीची बुचं, वीस. आमी पैशानं खेळत न्हाई, हरंल तो चहा पाजतो. लावा दोन.

राजाबाई : टाकली.

बंडू : पानं टाकली? बघितली तरी का?

राजाबाई : बघितली म्हणूनच टाकली. पुढचा.

बंडू : हा घ्या पुढचा. म्या तीन लावतो. शिवानाना बी हायत. तुमी?

राजाबाई : टाकली.

बंडू : च्यायला... माफ करा. प्रिया, तू ह्यांना खेळायला शिकवलंस का पत्ते फेकायला?

प्रिया : काका, फेकायलाच पहिलं शिकवलं.

बंडू : अशानं बुचं सरतील वहिनी, हळूहळू. प्रत्येक डावाला एक तर ठेवावंच लागतंय. बघा, आठ डाव टाकलेत, ह्या डावाचं धरून नऊ गेली, अकराच राहिली.

राजाबाई : अकरा बास झाली. वाट गं.

प्रिया : घ्या. प्रत्येकी दोन. शिवानाना? टाकली त्यांनी. मग तुमी दोघंच. मधी तीन पानं. राजा, नव्वी, चौरी.

बंडू : वा! राजा आला बघा! शिवानाना, चहा सांगा, वहिनींच्या नावावर. वहिनी, आपल्याला राजा लई मानतो. आमच्या गावाकडं तर म्हणायचे, बंड्याच्या कपाळावर राजाच काढलाय. चार बुचं माझी.

राजाबाई : चार माझी.

बंडू : आरं तिच्या! आल्या की! चौथं पान टाक गं.

प्रिया : दुरी.

बंडू : दुरी माझ्या मावशीची सून! मला काय फरक पडत न्हाई. प्रिया, पाचवं बी काढ.

प्रिया : छक्की. झाली पाची.

बंडू : आता सांगतो वहिनी, घरच्या मानसाला लुटायचं पाप नको. म्या समदी बुचं मधी ढकलतोय. तुमी आपली पानं टाका, चहा घ्या आणि जावा.

राजाबाई : माझ्याकडं सातच राहिलीत.

बंडू : मग सात लावा न्हाईतर टाका. टाकाच.

प्रिया : मावशी, घाई नाय. नीट बघा.

राजाबाई : बघितलं. सात बुचं. आणि वर एक गोष्ट. म्या जिंकले तर ही खुर्ची माझी, साहेबाला स्टूल आणा. आणि मालक हितं अकरा वर्सं काय बोलत होते, ते तुमी मला सांगायचं. समदं.

बंडू : ...आणि म्या जिंकलो तर?

राजाबाई : पत्त्यांचा जोड हितं ठेवते आणि उठते. परत तोंड दाखवत न्हाई, विचारत बी न्हाई.

बंडू : वहिनी, असं बोलनं लावायचं नसतं पत्त्यात.

राजाबाई : मग बुचं मागं घ्या.

बंडू : शिवानाना, बघताय ना? म्या सांगितलं होतं ह्यांना. बरं. बघा. गुलाम आणि पंजी.

प्रिया : म्हनजे काय नाय! काका, तुमच्याकडं राजा पन नाय, जोडी पन नाय!

बंडू : मग वहिनींकडं तरी काय असनार!

राजाबाई : एक्का. आणि ही नव्वी. मधल्या नव्वीसंगं जोडपं झालं.

प्रिया : नव्वीची जोडी! मावशी, एवढ्याशा जोडीवर एवढं लावलंत? त्यांच्याकडं खरंच राजा असता तर?

राजाबाई : आधीचे डाव जिंकले तवा भावजी पानांबद्दल मुकाट होते, चहाची आठवन बी न्हाई झाली. आत्ता कपाळ काय, मावशीची सून काय! ज्याच्या हातात राजा असतो त्याला एवढं बोलावं लागत न्हाई. बोला आता भावजी. खरं खरं.

बंडू : तुमी रागावशाल.

राजाबाई : ते माझं म्या बघीन.

बंडू : तो... तुमचंच बोलायचा.

राजाबाई : माझ्या कागाळ्या?

बंडू : कागाळ्या न्हाई वो. नक्कल. हौसा तुमची नक्कल करायचा.

राजाबाई : काय करायचे?

बंडू : आल्या आल्या चपला काढायचा, पदर खोचल्यागत टावेल कमरंला खोचायचा आणि सुरू. तुमी सकाळी जे बोलला, ते दुपारी चारला हितं हजर. तुमी सिलिंडरवाल्याला झापलेलं ना? ते आठ दिवस चाललं. शिवानाना रोज नव्यानं मागायचे. एकदा हसताना त्यांची पुढच्या दोन दातांची कवळी पडली. खोटं वाटत आसंल तर बघा, मान हलवतायत.

प्रिया : काका नक्कल करायचे? हौसेरावकाका?

बंडू : हात कसा झटकता, ते. नाकाला पदर लावून कसं बोलता, ते. एक शब्द सोडायचा न्हाई.

राजाबाई : आणि घरात? घरात दगड! म्या भिंतीशी बोलल्यागत बोलायची. का? मला का न्हाई बोलायचं?

बंडू : म्या विचारलेलं एकदा. म्हटलं, हौसा, वहिनी एवढं बोलतात, तू उत्तर का देत न्हाईस? तर म्हणाला, बंड्या, मधी बोललं की तिची तार तुटती. मग दुपारी तुमा दोघांना काय सांगू?

प्रिया : मावशी... पानी देऊ?

राजाबाई : नको. भावजी, उभं ऱ्हावा.

बंडू : कशाला?

राजाबाई : करून दाखवा.

बंडू : तुमच्या तोंडावर? न्हाई जमायचं वहिनी. आय शप्पत न्हाई जमायचं.

राजाबाई : डाव हरलाय तुमी.

बंडू : ...टावेल द्या शिवानाना. हसू नका, टाका दुखंल. हं. 'आवं, ऐकू येतंय का? मेथी सांगितली होती, मेथी! ह्ये काय आणलंय? शेपू! तीस वर्सं मार्केटात काढली का डोळं मिटून? मेथीचं पान गोल असतंय, ह्यो बघा झाडू! आता ह्यानं घर लोटू का भाजी करू? आवं, बघताय काय नुसतं? कायतरी बोला की!'

प्रिया : मावशी, सेम! अगदी तुमीच! तो हात पन!

राजाबाई : माझा आवाज एवढा चिरका न्हाई.

बंडू : न्हाई न्हाई, तो माझा घसा. हौसाचं लई बेस व्हायचं.

राजाबाई : परत करा.

बंडू : तुमची नक्कल?

राजाबाई : माझी न्हाई, ह्यांची. ते माझी कशी करायचे, तसं करा.