बाजाराच्या आदल्या दिवशीचा वाघ

हिंगणीहून बाजाराला निघालेल्या एसटीत पुढच्या बाकावर दोन जावा बोलत होत्या. मागे मांडीवर भरली पिशवी घेऊन बसलेल्या कुसुमबाईच्या त्या ओळखीच्या नव्हत्या, तरी तिचे कान तिकडेच लागले होते.

“काल नाल्यावर वाघ दिसला म्हने, बाई. म्हून आमी रानात बाजारासाठी काटवलाची भाजी तोडाले गेलोच नाई.”

“तुले कोनं सांगतलं?”

“तिघींनी. बचत गटाच्या ग्रुपवर आलं, शाळेच्या ग्रुपवर आलं, अन् भजनी मंडळाच्याबी.”

“बचत गटावर कुठून आलं?”

“भजनी मंडळातून.”

“अन् शाळेच्या?”

“तेबी तिथूनच. भजनी मंडळात सात गावच्या बाया हायेत न.”

“मंग तिघी कायच्या? एकीनंच सांगतलं.”

“पन आपुन पुढं पाठवलं नाई अन् कोनाचं काई झालं, तं नाव आपल्यावरच येईन. म्हून सारेच पाठवते. मीबी पाठवलं.”

“हा वाघ बाजाराच्या आदल्या दिवशीच काऊन दिसते? मागच्या हप्त्यातबी तसाच दिसलता.”

“हो, दिसलता खरा.”

“भजनी मंडळात पहिले कोनं टाकलं, ते पाह्य.”

“नाव नाई दिसून राह्यलं. देवीचा फोटो हाय, अन् नंबर हाय.”

“मंग लाव नंबर.”

“अन् काय विचारू?”

“वाघानं काटवलं कितीक तोडले, ते विचार.”

कुसुमबाईने घाईघाईने पिशवीत हात घातला. मोबाईल पार तळाशी गेला होता, काटवलांच्या खाली, आणि तिथूनच तो वाजायला लागला.