टिकारामचा तलाव

(मोहाडीजवळच्या एका गावचा तलाव. विणकर टिकाराम पाण्यात. पाठीला प्लॅस्टिकचा रिकामा डबा बांधलेला. बायको शेवंताबाई काष्टा खोचून शेजारी उभी.)

शेवंताबाई : पाय कायले असे मारता जी? एक खाली, एक वर. हा तलाव होय, माग नाही.

टिकाराम : जलमभर मागाच्या खड्ड्यात पाय चालवले, शेवंता. पायायले दुसरं काही येतच नाही.

शेवंताबाई : म्हनून उभेच्या उभेच राहिले. एवढ्या मेहनतीत अर्धं लुगडं विनून झालं असतं, अना तुमी हातभर सरकले नाही. आडवे व्हा.

टिकाराम : आडवा झालो का नाकात पानी जाते.

शेवंताबाई : मंग तोंड बंद ठेवा. फोनवर बंद ठेवलं असतं तं आज हे नाटक कायले लागलं असतं?

टिकाराम : मी काय सांगतलं व तिले? नातीनं इचारलं, आजोबा, तुम्ही खरंच तलाव पार केला होता? मी हूं म्हनलं. बस.

शेवंताबाई : बस काय? पोट्टीले पुन्यात मेडल भेटलं, तं माईकवर सांगून आली का पोहनं आजोबाकडून आलं. आता येऊन राहिली तुमच्यासंगं शर्यत लावाले. उतरली असन फाट्यावर.

टिकाराम : डबा जरा कसून बांध.

शेवंताबाई : डबा बांधून शर्यत लावता?

टिकाराम : सांगू तिले, डॉक्टरनं लावाले सांगतला.

शेवंताबाई : कोन्या डॉक्टरनं? ढोराच्या?

टिकाराम : चिडून कायले राहिली? गोष्ट मी नाही बनवली, मायनं बनवली.

शेवंताबाई : मालूम आहे. सुताच्या लड्या धुता धुता हवेनं दूर गेल्या, शिंगाड्याच्या वेलायपलीकडं. मी पवनीची पोरगी, वैनगंगेत वाढलेली. मारली उडी, लड्या घेऊन त्या काठावर निघाली. सासूबाई म्हनल्या, नवी सून लोकायसमोर पोहली असं सांगाचं नाही, टिकाराम पोहला सांगा. ठीक. त्यायचा जमाना होता. पन तुमी? तवापासून हूं, हूं, हूं.

टिकाराम : तू बी कधी नाही म्हनली नाही.

शेवंताबाई : मले कोनी इचारलं कवा?

रेणू : (नात, धावत काठावर येत) आजोबा, तुम्ही आधीच उतरलात? मी घरी बॅग टाकून पळतच आले. अन् हा डबा कशाला?

टिकाराम : डबा... तुझ्या आजीसाठी आनला.

शेवंताबाई : माझ्यासाठी? पाठीवर तुमच्या, अना बुडनार मी?

रेणू : आजी, तुला पोहता येत नाही? मग मी शिकवते ना. आधी पाण्याची भीती घालवायची. श्वास धरायचा अन् डोकं खाली.

शेवंताबाई : ऐकलं? आता हे शिकवन मले पानी.

रेणू : रागावू नको गं, सोपं असतं. आधी आम्ही दोघं जाऊन येतो. आजोबा, समोरच्या काठापर्यंत? त्या वेलांमधून कसं गेला होतात, ते दाखवा मला.

टिकाराम : शेवंता, गाठ सोड.

शेवंताबाई : काहून? बुडाचं आहे काय आता?

टिकाराम : सोड म्हनतो नं. रेणू, आजीसंगं जा. वेलायमधली वाट तिले ठाऊक आहे.

रेणू : आजीला? अन् तुम्ही?

टिकाराम : मी काठावर उभा राहतो. तवा बी येथंच उभा होतो.