दातामागचं शिंग

डॉक्टर : पडल्यानं दात असा होत नाही, बाई. तुमच्या मुलीचा हा समोरचा दात मागून सपाट झालाय. कशानं घासला?

गोजरबाई : पायरीवर पडली ना, साहेब.

डॉक्टर : मी रागावत नाही. पण खरं कळल्याशिवाय मला हात लावता येणार नाही.

गोजरबाई : ...शिंग व्हतं तिथं. दाताच्या मागून निघाल्तं, ज्वारीच्या दाण्याएवढं.

डॉक्टर : असतं एखाद्याला. जन्माचीच ठेवण ती. मग?

गोजरबाई : माझा भाऊ संपत, कुंभार पिंपळगावला सुतारकाम करतो. त्यो छपरावरून पडल्ता. शेजारची झुंबरबाई म्हणली, पोरीचं शिंग मामाला जड हाय. वरचे दात आधी आले की म्हणत्यात ना, तसं. मंग मीच संपतला बोलावलं. करवतीला धार लावायची कानस व्हती त्याच्यापाशी.

डॉक्टर : एकदमच घासलं?

गोजरबाई : एका बैठकीत, चार महिन्यामागं. त्यो नको नको म्हणून राह्यल्ता. मीच पोरीचं डोकं मांडीत दाबून धरलं.

डॉक्टर : अहो, त्या शिंगात नस असू शकते. दोन-दोन महिन्यांनी थोडं थोडं घासायचं असतं. मधल्या काळात आतून दात भरत जातो, नस झाकली जाते. तुम्ही ती उघडी पाडलीत.

गोजरबाई : मंग आता?

डॉक्टर : नस मेलीये. मुळाशी पू झालाय. चार महिन्यांत ही एकदाही दुखतंय म्हणाली नाही?

गोजरबाई : त्या दिशी रडली तेवढी. मला वाटलं, बरं झालं.

बेबीनंदा : तूच सांगितल्तं ना.

गोजरबाई : काय गं?

बेबीनंदा : कोणाला सांगायचं न्हाई. दुखतंय म्हणलं की मामाला भोवतंय.

(गोजरबाई पदर तोंडाला लावते.)

डॉक्टर : दात काढायची गरज नाही. मुळातली घाण काढून भरतो, चार-पाच खेपा होतील. बेबी, आता मी हळूच ठोकून बघतो. दुखलं की सांगायचं. इथं दुखतं?... बाई, ती तुमच्याकडं बघतेय.

गोजरबाई : सांग, बेबे. मामाला काहीबी व्हत न्हाई. खोटं सांगितल्तं मी. चुकलं माझं.

बेबीनंदा : बिलकुल न्हाई व्हत?

गोजरबाई : बिलकुल न्हाई.

बेबीनंदा : मंग लई दुखतंय, माय.