धडधाकट पोराची चिठ्ठी

अंधेरीत विमान कंपनीच्या खिडकीवर अनुपमाच्या पुढे एथेल ठाण मांडून उभी होती.

“आंटी, मस्कतचं सवलतीचं तिकीट आहे. तारीख बदलत नाही.”

“अरे बाबा, पोराचा बाप हॉस्पिटलात आहे ना!”

“बाप नाही चालत. प्रवासी स्वतः आजारी पाहिजे. मुलाच्या नावाने डॉक्टरची चिठ्ठी आणा, लगेच बदलून देतो.”

“धडधाकट पोराला आजारी लिहून आणू?”

“नुसता कागद आहे हो.”

“घरात एक आजारी आहे, तेवढा पुरे. बुडू दे तिकीट! माझा सेबॅस्टियन बापाजवळच राहील.”

एथेल ताडताड निघून गेली.

“हं, तुमचं काय, बाई?”

“मुलाच्या तिकिटाची तारीख बदलायची होती.”

“आजारी आहे का?”

अनुपमाने मुलाच्या नावाने आणलेली डॉक्टरची चिठ्ठी हातातच चुरगाळली.

“नाही. ठणठणीत आहे.”