सूर्य मरेल, असं शिकवल्याबद्दल

जमलेल्या बंधूंनो, भगिनींनो, आणि साळवे वहिनी,

मी या शाळेचा हेडमास्तर. आपले विज्ञानाचे साळवे सर मंगळवारी परभणीच्या दवाखान्यात वारले. चांगला माणूस होता, एवढं म्हणून मला बसता आलं असतं. समोर शाळा समिती बसलीय, त्यांनाही ते बरं वाटलं असतं. पण माझ्या हातात हे सरांचं सर्व्हिस बुक आहे.

बहात्तरचा दुष्काळ आठवा. सरांनी नववीला सूर्य शिकवला. त्याच्या पोटातलं जळण सरत आलं की तो फुगेल, लाल होईल, जवळचे ग्रह गिळेल. मग वरची आवरणं निघून जातील आणि मधे लहानसा, पांढराशुभ्र तापलेला गोळा उरेल. तो हळूहळू निवत जाईल. हे सगळं पाचशे कोटी वर्षांनी. पोरांनी घरी काय नेलं? फुगेल आणि लाल होईल. पाचशे कोटी वर्षं वर्गातच राहिली.

त्या आठवड्यात धुळीतून सूर्य लालभडक उगवायचा. दुष्काळी कामावरच्या बाया घमेली टाकून शाळेत आल्या.

"मास्तर, सूर्य फुगायलाय म्हणं! खरं हाय का?"

सर त्यांच्यासोबत व्हरांड्यात खाली बसले. "मावशी, लय लांब हाय ते. तुमच्या नातवाच्या नातवालाबी दिसायचं न्हाई."

"आन् मग काय, एकदम इझल?"

"चूल इझली की तवा लगेच गार होतो का? तसाच त्यो. लय काळ गरम ऱ्हाईल."

बाया हसत हसत कामावर गेल्या.

त्यांना कळलं. आम्हाला कळलं नाही. समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "ह्यो आमचा देव मारायलाय." ह्यो म्हणजे कोण, आणि आमचा म्हणजे कुणाचा, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. अध्यक्षसाहेब, बसा. उठू नका. मी कुणाचं नाव घेत नाही. कारण या सर्व्हिस बुकातला शेरा मी लिहिला. माझ्या हातानं, लाल शाईनं: 'सूर्य मरणार असे सांगून भीती पसरवतात.'

सरांनी तो वाचला. म्हणाले, "सर, शेरा राहू द्या. पण पाचशे कोटी वर्षांनी, एवढं तरी त्यात घाला. पोरांची चूक तुम्ही करू नका."

मी म्हणालो, बघू. दर जूनमध्ये शाळा उघडली की ते आठवण करायचे. दर जूनमध्ये मी म्हणायचो, बघू. चार वर्षं! कशासाठी? मी समितीला भ्यालो. दुसरं काही कारण नव्हतं.

वहिनी, आज सकाळी मी हे उघडलं. शेरा खोडला नाही. माझी चूक दिसली पाहिजे. त्याच्या खाली लिहिलं: 'सूर्य पाचशे कोटी वर्षांनी मरेल. साळवे सरांनी बरोबर शिकवले. हेडमास्तर चुकला.' सही केली. आता समितीनं माझं काय करायचं ते करावं.

आणखी एक. सर रोज सकाळी ऑफिसात यायचे, "जयभीम, सर" म्हणायचे. मी मान न उचलता म्हणायचो, "हं, नमस्कार." रोज.

चला, उठू या. ते बायांसोबत बसले होते त्या व्हरांड्यात, उन्हात, दोन मिनिटं गप्प उभे राहू. त्याआधी मला एकदा उत्तर देऊ द्या.

जयभीम, सर.